दारामागचं वेळापत्रक

शिनगारे सरांच्या गौरव अंकासाठी लेख द्या, असा निरोप मला दोनदा आला. दोन्ही वेळा मी 'बघते' म्हटलं आणि बघितलं नाही. सहा वर्षं एका शाळेत काढलेली, मधली भिंत एक, पाण्याचा माठ एक, तेव्हा लिहायला माझ्याइतकं लायक कुणी नाही असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. लायक होते म्हणूनच दिला नाही. गौरव करण्यासारखं जे आहे ते बाकीचे लिहितीलच. मला जे लिहायचं आहे ते कुठल्याही गौरव अंकात छापलं जात नाही, म्हणून इथं लिहिते.

आमची शाळा घाटनांदूरच्या आतल्या अंगाला, एका वस्तीवर. फाट्यावर जीप सोडायची आणि वीस मिनिटं चालायचं. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं, आणि मुख्याध्यापकाचा चार्जही त्यांच्याकडंच. रुजू झाले त्या दिवशी मी वेळापत्रक मागितलं.

"दारामागं हाय," सर म्हणाले.

दार सकाळी उघडायचं ते भिंतीला टेकून दिवसभर तसंच. त्यामुळं आठवडाभर मला ते वेळापत्रक काही दिसलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी आतून दार लोटलं तेव्हा दिसलं. दोन रंगांच्या शाईत आखलेलं, सुबक, कुठं रेघ हललेली नाही. चित्रकला, गायन, कार्यानुभव, खेळ, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. मी मनातून खूश झाले. म्हटलं, बरं झालं बाई, आडवळणाची शाळा मिळाली पण माणूस रसिक मिळाला.

पुढच्या मंगळवारी तिसरा तास चित्रकलेचा होता. भिंतीपलीकडून भागाकार ऐकू येत होता. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "सर, आज तिसरा तास चित्रकलेचा होता ना?"

"काढलं की चित्र," सर म्हणाले. "काटकोन काढला."

मी हसले. मला वाटलं ते गंमत करतायत. शिनगारे सर गंमत करत नसत हे कळायला मला पुढं फार दिवस लागले नाहीत. फाट्याकडून तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या गाडीचा धुरळा दिसला की सर उठायचे आणि 'ऊन येतंय' म्हणत पहिल्यांदा दार लोटायचे. साहेब आत येऊन बसले की समोर वेळापत्रक. साहेब मान डोलवायचे, चहा घ्यायचे, शेरेबुकात 'समाधानकारक' लिहून निघून जायचे. गाडी वळली की दार पुन्हा भिंतीला.

माणूस उंच, काटक, पांढऱ्या शर्टाचा. खडूचे तीन तुकडे करून वापरायचे आणि शेवटचं नखभर उरलेलं खिशात टाकायचे, त्यामुळं त्यांच्या खिशाला कायम पांढरा डाग असायचा. तंबाखू नाही, सुपारी नाही, रजा नाही. तापानं फणफणले असताना पोरांची उजळणी घेतलेली मी पाहिली आहे. जीपमध्ये ड्रायव्हरनं गाणी लावली की मागून ओरडायचे, "बंद कर बे ते, डोकं चालू दे जरा." सहा वर्षांत मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नाही. शिट्टीसुद्धा नाही.

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "त्यानं पोट भरतं का?" हा प्रश्न ते रांगोळीला विचारायचे, खो-खोला विचारायचे, स्नेहसंमेलनाला विचारायचे. माझ्या हातावरच्या मेंदीलाही एकदा विचारून झाला. मी म्हटलं, "नाही सर, पण भरल्या पोटी बरी दिसते." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

शाळेला वाद्यांची पेटी मिळाली होती. ढोलकी, चार टाळांच्या जोड्या, एक खंजिरी. ती लोखंडी कपाटात, मूळच्या प्लॅस्टिकसकट. का, तर फुटली तर डेड स्टॉकच्या रजिस्टरला काय दाखवायचं? मार्च महिन्यात सामानाची मोजदाद व्हायची तेव्हा सर ढोलकी बाहेर काढायचे, एका बोटानं टक् करून बघायचे, रजिस्टरला खूण करायचे आणि परत आत. आमच्या शाळेत संगीत म्हणून जे काही होतं ते वर्षातून एकदा, तेवढंच.

खोटं कशाला बोलू, शिकवायचे मात्र जबरदस्त. भागाकार आला नाही असं एकही पोर त्यांच्या वर्गातून बाहेर पडलं नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा पुढच्या शाळेत पाचवीला, पण तिची तयारी ते तिसरीपासून करून घेत आणि पोरं त्यात चमकत. वस्तीवर बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी, काही मेंढरंवाली. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर यायचे, त्यात भांडी, सरपण, लहानगी लेकरं चढायची. ज्यांची पोरं शाळेसाठी मागं राहायची, त्या बाया जाण्याआधी सरांच्या पायावर डोकं ठेवून जायच्या. माझ्या नाही, सरांच्या. मला त्याचं वाईट वाटायचं हेही लिहून टाकते.

पोळ्याची गोष्ट सांगते म्हणजे माणूस कळेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरांनी ओढ्याकाठच्या काळ्या मातीचे बैल करून आणले. कुणाची शिंगं वळणदार, कुणाच्या पाठीवर चिंधीची झूल, एका पोरीनं तर ज्वारीच्या दाण्यांचे डोळे लावलेले. सरांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले आणि सगळे बैल टेबलावर ओळीनं मांडायला लावले. मला वाटलं, आज पाघळले.

"किती बैल?"

"तेवीस."

"पाय किती?"

 एकेकानं बोटं मोजत हिशेब लावला. ब्याण्णव. सर म्हणाले, "नीट बघा बे. ह्याचा एक पाय तुटलाय, त्या झूलवाल्याचे दोन न्हाईत. आता?" एकोणनव्वद. मग शिंगं, मग शिंगं आणि पाय मिळून, मग चार पोरांत बैल सारखे वाटले तर उरतात किती. पाऊण तास वर्ग पेटलेला होता. गणिताचा इतका सुंदर तास मी त्याआधी पाहिला नव्हता. तास संपल्यावर सर म्हणाले, "चला, माती बाहेर टाका. वर्ग झाडून घ्या." ज्वारीच्या डोळ्यांची पोर बैल छातीशी धरून उभी राहिली, तर तिला म्हणाले, "मोजून झालं की आता. कावून धरून बसलीस?"

त्या पोरीचं नाव दैवशाला. मला जे सांगायचं आहे ते हिचंच.

दैवशाला पहिलीला माझ्याकडं आली तेव्हा बोलायचीच नाही. तिची जीभ अडकायची. 'पाणी' म्हणायला पा-पा-पा करत मान आखडून जायची, डोळ्यांत पाणी यायचं, मग ती फ्रॉकचं टोक तोंडात कोंबायची. आईबाप सहा महिने उसाच्या फडात. घरी आजोबा, मेंढरांमागं फिरणारे. एक दिवस मी पोरांना घेऊन ओढ्यावर गेले होते तर मागून गाणं ऐकू आलं. स्वच्छ, न अडखळता. वळून बघते तर दैवशाला. आजोबा मेंढरं वळताना म्हणत तसली काहीतरी लांब सुराची चाल होती. शब्द कुठंही अडकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दोनाचा पाढा त्या चालीत म्हटला. तिनं तो माझ्यामागून म्हटला. मग तिनाचा, मग चाराचा. दुसरी संपेपर्यंत ती बारापर्यंतचे पाढे गात होती, कविता गात होती, आणि हळूहळू गाण्याच्या कडेकडेनं बोलायलाही लागली होती. 'बाई, मला पा-पाणी' इतपत. मी तिची आई शिवकांता हिला फोनवर सांगितलं, पोर बोलायला लागली. ती पलीकडं रडायला लागली. म्हणाली, "बाई, बोलाय लागली तर मी तिला शिकवीन. फडाकडं न्यायची न्हाई. न्हाईतर मुक्या पोरीला हितं कुणाच्या जिवावर ठिवू?"

तिसरीला दैवशाला सरांकडं गेली.

सरांच्या वर्गात पाढ्याचा एक नियम होता. पाढा एका दमात आला पाहिजे. मधे अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. नियम सगळ्यांना सारखा, आणि हे सर अभिमानानं सांगायचे. पहिल्याच आठवड्यात दैवशालाची पाळी आली. तिनं डोळे मिटले आणि बाराचा पाढा आजोबांच्या चालीत सुरू केला. बारा एके बारा झालं, बारा दुणे चोवीस झालं, आणि सरांनी टेबलावर पट्टी आपटली. भिंतीपलीकडं मला ऐकू आलं.

"हितं जागरण घातलंय का?"

वर्ग हसला. "चाल नको. पाढा पायजे. सरळ म्हण."

सरळ ती कशी म्हणणार? बा-बा-बा. पुन्हा पहिल्यापासून. बा-बा. पुन्हा. मी फळ्याकडं तोंड करून उभी होते आणि माझ्या हातातला खडू मोडला. तासाच्या मध्ये दुसऱ्याच्या वर्गात जायचं नसतं, म्हणून मी गेले नाही. जायला हवं होतं.

खिचडीच्या सुट्टीत मी व्हरांड्यात सरांना गाठलं. म्हटलं, "सर, ती चालीत अडकत नाही. तिला तेवढं चालीत म्हणू द्या."

"परीक्षेत चाल लावून लिहिणार हाय का ती?"

"लिहिताना मनात म्हणेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

सरांनी ताटली खाली ठेवली. "बाई, तुमी अंबाजोगाईच्या. तुमचे वडील कारकून. माझी माय मोळ्या वाहत वाहत बाळंत झाली, फडातच. तितं बायका लई गाणी म्हणायच्या. रातच्याला म्हणायच्या, ऊस भरताना म्हणायच्या. गाण्यानं एक बी बाहेर निघाली न्हाई. मी गणितानं निघालो. आता सांगा, पोरीला गाणं देऊ का गणित देऊ?"

"दोन्ही द्या ना सर. तिचं गणित गाण्यातूनच येतंय."

"दोन दगडांवर पाय ठिवला की माणूस मधी पडतो," सर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ते खोटं बोलत नव्हते. फडातली हकिगत खरीच होती. पण स्वतः ज्या एका दारातून बाहेर पडलो तेवढंच दार जगात आहे असं धरून चालणारा माणूस दुसऱ्याचं दार बुजवतो, आणि वर त्याला उपकार म्हणतो. हे उत्तर मला जीपमध्ये बसल्यावर सुचलं. तोवर शाळा सुटली होती.

मी माझ्या परीनं धडपडले. सुट्टीत तिला माझ्या वर्गात बोलवायचे. काही दिवस ती आली. मग यायची आणि नुसती बसायची. मी चाल धरली की मान खाली घालायची. तिसरीच्या दिवाळीनंतर तिनं गाणं टाकलं ते टाकलंच, आणि गाण्याच्या कडेनं जे चार शब्द येत होते तेही हळूहळू गेले. चौथीत ती शेवटच्या ओळीत असायची. बेरजा बरोबर करायची, वही टापटीप. सरांना तिच्याबद्दल तक्रार नव्हती. "शांत पोरगी हाय," म्हणायचे.

आता नोंदींबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं प्रगतिपत्रकात प्रत्येक पोराबद्दल वाक्यं लिहावी लागतात. भाषेत कसा, गणितात कसा, कलेत कसा. त्यासाठी तयार नोंदींचं पुस्तक मिळतं. 'चित्रात योग्य रंगसंगती साधतो.' 'मातीपासून विविध आकार बनवते.' सर ते पुस्तक उघडून हजेरीच्या क्रमानं वाक्यं उतरवायचे. पहिल्या पोराला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. कलेचा एकही तास न घेता वर्गात दरवर्षी दोन-तीन चित्रकार, तीन-चार नर्तक आणि एखादा नट निघायचा. अक्षर मात्र असं देखणं की साहेब लोक ती पत्रकं दुसऱ्या शाळांना दाखवायला न्यायचे. घाईत मीही त्या पुस्तकातून उतरवलं आहे, स्वतःला सोवळं ठरवत नाही. पण सरांना त्यात काही गैर आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दैवशाला चौथी पास झाली त्या वर्षी एक मेला झेंडावंदनानंतर निकाल होता. ऊसतोडीच्या टोळ्या परत आलेल्या, त्यामुळं आईबापांची गर्दी. शिवकांता पुढंच बसली होती. चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून ठेवून वाचायची. सरांनी नाव पुकारलं, पत्रक दिलं, आणि ती तिथंच उभी राहून वाचायला लागली. गणित वाचलं, भाषा वाचली. मग बोट थांबलं.

"कविता... तालासुरात... गाते," तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग हसायलाच लागली. "बया, ही गाती? सर, माजी दैवशाला गाती? आमच्या फोनवर तर निस्तं हूं-हूं करती."

बाया वळून बघायला लागल्या. शिवकांतानं पोरीला पुढं ओढलं. "म्हण की गं. मला ऐकू दी."

सरांनाही ते आवडलं असावं. चार माणसांत शाळेचं नाव होत होतं. "म्हण," ते म्हणाले. "लाजू नको. म्हण."

दैवशालानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, आणि मनात म्हटलं, म्हण बाई, आज कुणी पट्टी आपटणार नाही. तिनं डोळे मिटले, हात सरळ खाली घेतले आणि सुरुवात केली.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौ... चौ... चौ..."

थांबली. आणि कुणी काही न सांगता पुन्हा पहिल्यापासून. "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौ..." पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा, चार वेळा. मान आखडलेली, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. कुणी हसलं नाही. सरांचं 'म्हण' तिला पाढ्याचंच ऐकू आलं होतं, दुसरं काही त्या तोंडून तिनं दोन वर्षांत ऐकलंच नव्हतं. पाचव्यांदा शिवकांतानं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला पदराखाली घेतलं.

मग तिनं पत्रक टेबलावर ठेवलं. "सर, हे खोडा."

"आहो ताई, रेकॉर्डमधी खाडाखोड चालत न्हाई."

"मंग खोटं चालतंय?"

"ते समद्यांलाच तसं लिव्हावं लागतं," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. एखाद्या अडाणी माणसाला फॉर्म कसा भरायचा ते समजावून सांगावं तसं ते बोलत होते. "पास हाय पोरगी. गणितात अ श्रेणी हाय. आजून काय पायजे?"

शिवकांता पोरीला घेऊन निघाली. पत्रक टेबलावरच राहिलं. जाताना दारात मला म्हणाली, "बाई, हितं ठिवून बी मुकीच ऱ्हायची असंल तर डोळ्यांसमोर तरी ऱ्हाईल." पाचवीसाठी पुढच्या गावात नाव घातलं होतं. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला तेव्हा दैवशाला त्यात होती. मी फाट्यावर होते. ती मागं तोंड करून भांड्यांच्या पोत्यावर बसली होती आणि मी हात केला तर तिनंही केला.

त्यानंतर वर्षभरानं सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

शेवटचे दिसले ते बीडला. मी कार्यालयात कामासाठी गेले होते, परतताना एका गल्लीत रिक्षा शोधत होते. तिथं वरच्या मजल्यावर पोरांचा संगीताचा क्लास होता आणि खाली आईबापांची रांग. त्या रांगेत शिनगारे सर. खांद्यावर लांब काळी पिशवी, त्यात कीबोर्ड.

"नातीचा," ते म्हणाले. जरा वजन कमी झालेलं, बाकी तसेच. "सूनबाई म्हणते, लहान लेकराला निस्तं अभ्यासाला जुंपू नये. डोकं तरतरीत ऱ्हातंय गाण्यानं. गणिताला बी फायदा होतो म्हणं."

 त्यांना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. मी विचारलं, "सर, दैवशाला आठवते?"

ते आठवायला लागले. कपाळाला आठी घालून, प्रामाणिकपणे. "मेंढरंवाल्यांची ना? हां. लई चांगली गायची ती."

 ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "ती माझ्याकडं गायची. तुम्ही बंद केलंत. यंदा तिचा तिसरा सीझन. आता मोळ्या बांधते."

"आरारारा," सर म्हणाले. "हुशार होती." आणखी काही म्हणणार होते, तेवढ्यात जिन्यावरून पोरं धडाधड उतरली. त्यात फ्रॉकमधली सात-आठ वर्षांची एक मुलगी येऊन त्यांच्या पायाला बिलगली.

"काय शिकवलं आज? म्हणून दाखीव आज्याला."

"घरी."

"आत्ता म्हण की."

रस्त्यात, रिक्षांच्या गोंगाटात तिनं सरगम सुरू केली. मधेच चुकली, थांबली, आणि जिथं चुकली तिथूनच पुढं गाऊ लागली. सरांनी तिला अडवलं नाही. ते खाली वाकले होते, कान तिच्या तोंडाशी नेला होता, आणि पिशवीवर बोटांनी चुकीचा ताल धरला होता. मी सहा वर्षं भिंतीला भिंत लावून काम केलं, पण हा माणूस एका लहान मुलीचं इतकं मन लावून ऐकू शकतो हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तोवर मी त्यांना थोडीफार माफी देऊ शकत होते.